मदत डिसेंबरात, भूक आषाढात: वसईच्या कॅथलिक महिला मंडळांच्या वर्षाचा हिशेब

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की वसई तालुक्यातल्या चर्चच्या सभागृहांत लगबग सुरू होते. ब्लँकेटचे गठ्ठे, तांदूळ-डाळीची पाकिटं, घरोघरून गोळा केलेले कपडे, टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस. नाताळच्या आधी हे सामान जव्हार, मोखाडा किंवा विक्रमगडच्या एखाद्या पाड्यावर पोचवायचं असतं. हे सगळं करणाऱ्या बहुतेक बाया असतात. त्यांना पगार नाही, मानधन नाही. घरचं आटोपून, नातवंडांना शाळेत सोडून, कुणी वाडीतली कामं उरकून त्या आलेल्या असतात.

या कामाचं जिल्ह्यात कौतुक होतं आणि ते रास्त आहे. पण वर्षाअखेरीस अहवाल लिहायची वेळ येते तेव्हा एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही: मदत पोचली ती गरजेच्या वेळी पोचली का? मंडळाचं वर्ष चर्चच्या दिनदर्शिकेवर चालतं आणि पाड्याचं वर्ष पावसावर. या दोन वर्षांचा मेळ बसत नाही, आणि सगळ्यात मोठी गळती तिथेच होते.

मंडळाचं वर्ष कसं जातं

मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत झाला. पालघर जिल्हा झाला तो त्यानंतर सोळा वर्षांनी, १ ऑगस्ट २०१४ ला. वसईच्या किनारपट्टीवरचा सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती समाज मराठी बोलणारा, शेती-बागायतीतून वर आलेला. भाजी, फुलं, केळी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईचे बाजार गाठणाऱ्या बायांची इथे मोठी परंपरा आहे. चार पैसे कमवायचे, हिशेब तोंडपाठ ठेवायचा आणि कुणाच्या घरी अडचण असली तर पदर खोचून उभं राहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. महिला मंडळांचं काम याच मुशीतून आलं.

वर्षाचा क्रम ढोबळमानाने ठरलेला असतो. जानेवारीत नवी समिती आणि जुना हिशेब. ११ फेब्रुवारीला जागतिक आजारी दिन. १९९३ पासून कॅथलिक चर्च तो पाळतं. त्या दिवशी रुग्णांच्या भेटी होतात. मग राखेचा बुधवार येतो आणि उपवासकाळ सुरू होतो. उपास करून वाचवलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे, ही या चाळीस दिवसांची रीत. कारितास इंडियाची भूक आणि आजार यांविरुद्धची मोहीमही याच काळात चालते. मधेच ८ मार्चचा महिला दिन, नंतर ईस्टर. मे महिना लग्नं आणि सुट्ट्यांत जातो. जूनमध्ये वह्या, दप्तरं, शाळेची फी. त्यानंतर पाऊस लागतो आणि कार्यक्रम मंदावतात. १५ ऑगस्टला झेंडावंदन आणि मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकाच दिवशी, ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मोत्सव, ऑक्टोबर जपमाळेचा, नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. नोव्हेंबरातच गरिबांसाठीचा जागतिक रविवार येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून तो सुरू केला. आणि शेवटी आगमनकाळ व नाताळ.

पैसा येतो तो सणाच्या स्टॉलमधून, हाउजीतून, लकी ड्रॉमधून, रद्दी विकून आणि परदेशातल्या नातेवाइकांकडून. प्रत्येक धर्मग्रामात तपशील वेगळे, पण चित्र सारखंच: देणगीचे दोन कडे दिसतात, एक उपवासकाळात आणि दुसरा नाताळात. जुलै ते सप्टेंबर हा सगळ्यात सुना काळ. सणच मोठा नाही, त्यामुळे आवाहनही नाही.

पाड्याचं पंचांग वेगळं आहे

आता जव्हार-मोखाड्याकडे बघू. तिथे भात, नागली, वरई पावसावर येतात. पीक घरात येतं ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. लहान शेतकऱ्याच्या घरचं धान्य वर्षभर पुरत नाही. उन्हाळ्यात कणग्या रिकाम्या होऊ लागतात आणि आषाढ-श्रावणात तळ गाठतात. त्याच दिवसांत शेतात लावणीचं काम असतं, म्हणजे कष्ट सगळ्यात जास्त आणि ताटात सगळ्यात कमी. त्यात ओढे भरलेले, रस्ते तुटलेले, पोरांना ताप-जुलाब, गरोदर बाईला दवाखान्यापर्यंत न्यायला डोली.

ही काही लपलेली गोष्ट नाही. सरकारी कागदात या उपासमारीच्या दिवसांसाठी शब्दच आहे: खावटी. पावसाळ्यात आदिवासी कुटुंबांना धान्य आणि रोख मिळावी म्हणून राज्यात १९७८ पासून खावटी योजना आली. पुढे करोनाच्या काळात तीच कुटुंबामागे ४,००० रुपयांच्या अनुदानाच्या रूपात जाहीर झाली, निम्मी रोख आणि निम्मं सामान. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी देश हादरला होता. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून रोज एक चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली, तीही याच पट्ट्यासारख्या भागांसाठी. म्हणजे भूक कुठे लागते आणि कधी लागते, हे शासनाला, अंगणवाडी ताईला आणि आशा ताईला नीट ठाऊक आहे.

दिवाळीनंतर काय होतं? मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं पाडा सोडतात. भिवंडी, वसई, ठाण्याच्या बाजूला वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर जातात. कडती माणसं गेली की पाड्यावर उरतात म्हातारी आणि काही पोरं. शिमग्याला लोक परततात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर कायमचे घरी येतात.

हे दोन तक्ते शेजारी ठेवले की चूक दिसते. डिसेंबरात टेम्पो पाड्यावर जातो, तेव्हा ज्यांच्यासाठी तो भरला त्यांतली बरीच माणसं वसईच्याच आसपासच्या भट्टीवर असतात. ब्लँकेट म्हाताऱ्यांना उपयोगी पडतं, ते वाया जात नाही. पण भट्टीवर प्लास्टिकच्या झोपडीत थंडीत झोपणारं तान्हं पोर चर्चपासून थोड्याच अंतरावर असतं आणि ब्लँकेट मात्र त्याच्या गावी गेलेलं असतं. उलट ज्या श्रावणात तांदळाच्या एका पाकिटाला सोन्याचं मोल असतं, त्या श्रावणात मंडळाची पेटी रिकामी. एकीकडे वरातीमागून घोडं, दुसरीकडे वरातच नाही.

चारशे वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न

गंमत म्हणजे कॅथलिक महिलांच्या संघटित सेवेचा जन्मच या प्रश्नातून झाला. १६१७ चा ऑगस्ट. फ्रान्समधलं शातियों नावाचं गाव. व्हिन्सेंट डी पॉल तिथे नुकतेच धर्मगुरू म्हणून आलेले. रविवारच्या मिस्सेआधी त्यांना कळलं, गावाबाहेर एक अख्खं कुटुंब आजारी पडलंय आणि पाणी द्यायलाही कुणी नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले तर रस्ताभर बायाच बाया, कुणी अन्न घेऊन चाललेली, कुणी देऊन परतणारी.

एखाद्याने यावर समाधान मानलं असतं. व्हिन्सेंटना वेगळंच दिसलं: आज या घरात इतकं अन्न आलंय की ते नासेल, आणि चार दिवसांनी हेच घर पुन्हा उपाशी असेल. दया भरपूर होती, नियोजन नव्हतं. काही दिवसांतच त्यांनी गावातल्या बायांना एकत्र बसवलं, पाळ्या लावल्या आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला मंडळाची रीतसर स्थापना झाली. प्रत्येकीचा एक दिवस. त्या दिवशी तिने रांधायचं, नेऊन द्यायचं, जवळ बसायचं. आजाऱ्याला काय आणि किती द्यायचं, हेही नियमांत लिहिलेलं. 'लेडीज ऑफ चॅरिटी' या नावाने ओळखलं जाणारं हे काम आज पन्नासहून अधिक देशांत चालतं.

पुढे पॅरिसमध्ये हे काम सरदार-सावकारांच्या घरच्या बायकांनी उचललं, तेव्हा दुसरी अडचण आली. काही जणी स्वतः न जाता मोलकरणींना पाठवू लागल्या. मग काम मनापासून होईना. त्यातूनच लुईझ द मारियाक यांच्यासोबत १६३३ मध्ये खेड्यातल्या साध्या मुलींचा 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' हा संघ उभा राहिला.

या दोन्ही गोष्टी आजच्या मंडळांना लागू पडतात. एका दिवसात सगळं वाटून टाकायचं, हा पहिला धोका. टेम्पोत सामान भरून दुसऱ्याच्या हाती पाठवायचं आणि फोटो मागवायचे, हा दुसरा.

पेटीची किल्ली कुणाकडे?

मग मंडळं आपलं वर्ष बदलत का नाहीत? त्यातल्या बायांना पाडा कळत नाही म्हणून नव्हे. ज्या बाईने आयुष्यभर बाजार केला तिला कुठला माल कधी लागतो हे सांगावं लागत नाही. अडतं ते निर्णयापाशी. काम बायांचं, घाम बायांचा, पण कार्यक्रम कधी घ्यायचा, निधी कशावर खर्च करायचा, पाहुणा कोण बोलवायचा, हे पुष्कळदा वरून ठरून येतं.

शातियोंच्या नियमांत पैशांची पेटी दोन कुलपांची होती. खजिनदार बाई होती, तिने हिशेब मांडायचा होता. मोठ्या देणग्यांसाठी मात्र एका पुरुष कारभाऱ्याची तरतूद ठेवलेली होती. म्हणजे हा पेच तेव्हाही होताच.

चर्चच्या १९८३ च्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणं बंधनकारक आहे. तिच्यात सामान्य प्रापंचिक बसू शकतात, बायाही बसू शकतात. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २००८ मध्ये जमशेदपूरच्या महासभेत महिलांच्या सबलीकरणावर चर्चा केली आणि २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेचं धोरण जाहीर केलं. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ च्या सिनॉडमध्ये पहिल्यांदाच महिलांना मताचा अधिकार मिळाला. वर्षभराने अंतिम दस्तऐवजाच्या साठाव्या परिच्छेदाने म्हटलं की चर्चमध्ये नेतृत्वाच्या भूमिका घ्यायला स्त्रियांना आडकाठी असण्याचं कारण नाही. या परिच्छेदाच्या बाजूने २५८ मतं पडली आणि विरोधात ९७. संपूर्ण दस्तऐवजात सगळ्यात जास्त विरोध याच परिच्छेदाला झाला. तो आकडा खूप काही सांगतो.

वसईला तर सहकाराचा अनुभव जुना आहे. बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक १९१८ मध्ये पापडीला सुरू झाली, तेव्हा हेतू सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्याचाच होता. ज्या समाजाने शंभर वर्षांपूर्वी स्वतःची पतपेढी उभी केली, त्याच्या महिला मंडळाला स्वतःचं खातं, दोघींच्या सह्या आणि स्वतःचं वार्षिक अंदाजपत्रक जड जायला नको.

संशयाचं काय करायचं?

आणखी एक मुद्दा टाळून चालणार नाही. आदिवासी पट्ट्यात ख्रिस्ती संस्थेचा टेम्पो दिसला की धर्मांतराची कुजबुज सुरू होते. कधी ती कुजबुजीवर थांबते, कधी अडवाअडवी होते. हे बोलून दाखवायला बाया कचरतात, पण यामुळे काही जणींनी पाड्यावर जाणंच सोडलं तर नवल नाही.

चर्चची अधिकृत भूमिका इथे स्पष्ट आहे. श्रद्धा कुणावर लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच जाहीर केलं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या परिपत्रकात लिहिलं की परोपकार हे धर्मप्रसाराचं साधन होता कामा नये. पोप लिओ चौदावे यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये 'दिलेक्सी ते' हे पत्रक काढलं, त्याचा सगळा विषयच गरिबांवरचं प्रेम हा आहे. पण रोमचं पत्रक मोखाड्यात कुणी वाचत नाही. तिथे दिसतं ते वागणं.

वर्षातून एकदा, सणाच्या तोंडावर, अनोळखी माणसं सामान घेऊन येतात आणि फोटो काढून जातात, तेव्हा संशयाला जागा मिळते. हीच माणसं अंगणवाडीमार्फत, ग्रामपंचायतीला आधी कळवून, ग्रामसभेत काय देणार आणि का देणार ते सांगून, दर महिन्याला तीच-तीच येऊ लागली तर ओळख होते. जव्हार-मोखाड्यात पेसा कायदा लागू आहे. ग्रामसभेला विचारणं हा तिथे मानाचा भाग आहे. पाकिटावर चर्चचं नाव असावं की नसावं, सोबत प्रार्थना म्हणावी की नाही, हेही आधीच ठरवून टाकावं. भुकेल्या माणसाकडून मान डोलावून घेणं सोपं असतं, म्हणूनच ते टाळायचं असतं.

पैशांच्या बाबतीतही सावध राहायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय देणगी कायदा कडक झाला. परदेशातून आलेली देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थांकडून झिरपणारा पैसा त्यामुळे आटला आणि गावच्या मंडळांच्या स्थानिक वर्गणीला महत्त्व आलं. इथे एक बारकावा आहे. दुबईत नोकरी करणारा भारतीय नागरिक आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ती परकीय देणगी धरली जात नाही. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या भाच्याने पाठवलेले पैसे कायद्याच्या भाषेत परकीयच. वसईत घरटी कुणी ना कुणी परदेशी आहे. खजिनदार बाईला हे माहीत असणं गरजेचं आहे.

अहवालात न येणारं काम

मंडळाच्या वार्षिक अहवालात आकडे असतात: इतकी ब्लँकेटं, इतक्या वह्या, इतके रुग्ण तपासले. जे मोजता येत नाही ते अहवालातून निसटतं. वसईच्या वाड्यांमध्ये आज मोठमोठ्या घरांत एकटी म्हातारी माणसं राहतात. पोरं परदेशी किंवा मुंबईच्या पलीकडे. वाडीतल्या बावखलाच्या कडेला कधीकाळी दहा बाया कपडे धुवायच्या, तिथे आता दिवसभर कुणी फिरकत नाही. या घरांत औषध आहे, पैसा आहे, बोलायला माणूस नाही.

इथे पुन्हा शातियोंचा एक नियम आठवण्यासारखा आहे. पाळीवरच्या बाईने आधी ज्यांच्याजवळ कुणी आहे त्या आजाऱ्यांना जेवण द्यायचं आणि जे एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटी जायचं, म्हणजे त्यांच्याजवळ जास्त वेळ बसता येईल. इतकी साधी व्यवस्था. आजही मंडळातल्या कित्येक जणी मिस्सेहून परतताना कुणाच्या दारात थांबतात, गोळ्या घेतल्या का विचारतात, लाइट बिल भरून देतात. हे काम वर्षाचे बाराही महिने चालतं, त्याला सण लागत नाही. पण अहवालात त्याला ओळही मिळत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याला नवी माणसं मिळत नाहीत.

नवी माणसं हा खरा घोर आहे. आज मंडळं चालवणाऱ्या बाया बऱ्याचशा पन्नाशी-साठीच्या. त्यांच्या सुना सकाळी विरार लोकल पकडून नोकरीला जातात, रात्री परततात. दुपारी तीनच्या मीटिंगला त्या कशा येणार? मीटिंग रविवारी मिस्सेनंतर ठेवली, हिशेब मोबाइलवर ठेवायचं काम त्यांना दिलं, महिन्यातून एकाच भेटीची जबाबदारी दिली तर त्या येतील. बारा महिने राबणारी बाई आता मिळणार नाही. महिन्यातून चार तास देणाऱ्या बारा जणी मिळू शकतात. शातियोंची पाळी हीच होती.

बदल छोटा, पण करायला हवा

यासाठी नवा निधी लागत नाही. आहे त्याच पैशांची तारीख बदलायची आहे.

उपवासकाळात जमलेल्या रकमेचा मोठा वाटा मार्चमध्येच खर्च न करता बँकेत ठेवावा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, ओढे भरण्याआधी, तांदूळ-डाळ-तेल अंगणवाडीशी बोलून पाड्यावर पोचवावं. नाताळची ब्लँकेटं पाड्यावरच्या म्हाताऱ्यांसाठी जरूर जावीत, पण त्याआधी आपल्याच तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर एक फेरी मारावी: तिथली पोरं अंगणवाडीत जातात का, लसीकरण झालं का, गरोदर बाईची नोंद कुठे आहे. ही माहिती आशा ताईपर्यंत पोचवली तरी एका गठ्ठ्यापेक्षा मोठं काम होईल. दरवर्षी नवा पाडा शोधण्यापेक्षा दोनच पाडे धरावेत आणि पाच वर्षं सोडू नयेत. आणि जानेवारीच्या अहवालात वस्तूंच्या आकड्यांशेजारी एक नवा रकाना असावा: किती घरी, किती वेळा गेलो.

यातली कुठलीही गोष्ट करायला रोमच्या परवानगीची गरज नाही. धर्मगुरूंनी अंदाजपत्रकाची वही मंडळाच्या हाती द्यायची आणि मंडळाने ती जानेवारीत, नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत उघडायची. जुलै-ऑगस्टच्या पानावर काय लिहिलं जातं, यावरून येतं वर्ष कसं गेलं ते पाड्यावरच्या बायाच सांगतील.